आकड्याशेजारची चांदणी

वाचकांचे प्रश्न : फोन आणि ‘आपोआप’ चालणाऱ्या गाड्या

या वेळच्या टपालात नवे फोन आणि ‘आपोआप’ चालणाऱ्या गाड्या यांच्याबद्दलचेच प्रश्न जास्त होते. लाँचच्या पडद्यावर मोठ्या अक्षरात आकडा असतो आणि त्याच्या शेजारी एक बारीक चांदणी. बहुतेक उत्तरं त्या चांदणीखालच्या ओळीत सापडतात. पत्रलेखकांची नावं गाळून फक्त गावं दिली आहेत.

प्रश्न : फोनच्या खोक्यावर ‘२०० मेगापिक्सल’ छापलंय. काढलेल्या फोटोची माहिती उघडली तर १२ मेगापिक्सल दिसतं. दुकानदाराने फसवलं का? (सांगली)

दुकानदाराने नाही, आणि कंपनीनेही नाही. सेन्सरवर २० कोटी प्रकाशबिंदू खरोखरच आहेत. पण ते नखाएवढ्या जागेत बसवायचे म्हटल्यावर एकेक बिंदू फार बारीक होतो. सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस२३ अल्ट्रामध्ये (२०२३) तो ०.६ मायक्रॉनचा आहे. एवढ्याशा बिंदूवर दिवेलागणीच्या वेळी उजेड पडणार तो किती? म्हणून फोन चार बाय चार अशा १६ शेजाऱ्यांची बेरीज करून त्यांचा एक मोठा बिंदू बनवतो. २०० भागिले १६, साडेबारा. तुम्हाला दिसलेले १२ ते हेच.

पूर्ण २०० हवे असतील तर कॅमेऱ्यात फोटोचं प्रमाण (३:४) किंवा मेगापिक्सल निवडायची खूण दाबा, तिथे २००चा पर्याय सापडेल. भर उन्हात, समोरचं काही हलत नसताना आणि हात टेकवून काढा. लग्नाच्या हॉलमध्ये किंवा पळत्या पोराचा फोटो या मोडवर हमखास बिघडतो, कारण बेरीज बंद झाली की खरखर (फोटोतले दाणे) वाढते आणि फोटो साठवायला वेळही जास्त लागतो. नंतर कातरून एखादा कोपरा मोठा करायचा असेल तेवढ्यापुरता हा मोड कामाचा. नाहीतर ए-फोर कागदावर चांगल्या दर्जाची छपाई करायलाही पावणेनऊ मेगापिक्सल पुरतात.

फोन घेताना मेगापिक्सलपेक्षा मुख्य सेन्सरचं माप बघा. ते १/१.३, १/१.५६, १/२.७६ असं लिहिलेलं असतं. खालचा आकडा जितका लहान तितका सेन्सर मोठा. ‘ओआयएस’ (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) आहे का तेही पाहा. आणि ‘तीन कॅमेरे’ म्हणताना त्यातला एक २ मेगापिक्सलचा मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायचा) असेल तर तो मोजू नका. पाठीमागची जागा भरायला बसवलेला असतो तो.

प्रश्न : ‘८ + ८ = १६ जीबी रॅम’ हा काय प्रकार आहे? (परभणी)

रॅम ८ जीबीच आहे. उरलेली ८ म्हणजे साठवणुकीतली, फोटो-व्हिडिओंच्या जागेतली उसनवारी. चांगल्या फोनची रॅम सेकंदाला ६० जीबीच्या आसपास माहिती हलवू शकते, यूएफएस ३.१ जातीची साठवणूक दोनेक जीबी. म्हणजे तीसपट हळू. मागे पडलेली ॲप्स जरा जास्त वेळ उघडी राहतात, एवढाच फायदा. खरी रॅम ६ किंवा ८ असेल तर सेटिंगमध्ये जाऊन हे बंद ठेवा, काही अडत नाही.

प्रश्न : फोन ८० वॅटचा घेतला. घरी तासाभराच्या आत भरतो. ऑफिसात लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर लावला तर दोन-अडीच तास लागतात. ६५ आणि ८० मध्ये एवढा फरक कसा? (पिंपरी)

चार्जर वॅट ढकलत नाही. फोन आणि चार्जर आधी आपसात बोलून घेतात आणि दोघांना समजणाऱ्या भाषेतला व्होल्ट-अँपिअरचा एक जोड ठरवतात. तुमच्या फोनची भाषा कंपनीची स्वतःची दिसते. घरच्या चार्जरवर बारीक अक्षरात ‘आउटपुट’ असं लिहिलेलं असेल ते वाचा. ओप्पो-वनप्लसच्या ८० वॅटच्या चार्जरवर शेवटची नोंद ११ व्होल्ट, ७.३ अँपिअर अशी असते. लॅपटॉपचा चार्जर ‘यूएसबी पीडी’ ही सार्वत्रिक भाषा बोलतो, त्याच्यावर ५, ९, १५, २० व्होल्ट असे टप्पे असतात आणि अँपिअर सहसा सव्वातीनच्या पुढे जात नाहीत. फोनला पीडी नीट येत नसेल तर दोघं अगदी प्राथमिक पातळीवर उतरतात : ५ व्होल्ट, २ किंवा ३ अँपिअर. झाले १० ते १५ वॅट. आता हिशोब करा. ५,५०० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण २१ वॅट-तास. १० वॅटने, मधली गळती धरून, अडीच तास.

दुसरा चार्जर घ्यायचाच असेल तर त्याच्यावर ‘पीपीएस’ (पीडीचाच, व्होल्ट बारीक पायऱ्यांनी बदलणारा प्रकार) हे शब्द शोधा आणि फोनही पीपीएस घेतो का ते तपासा. केबलकडे मात्र लोक हमखास दुर्लक्ष करतात. सी-टू-सी केबल ६० वॅटच्या वर जायची असेल तर तिच्या टोकात ओळख सांगणारी चिप लागते. पदपथावरच्या शंभर रुपयांच्या केबलमध्ये ती नसते, मग चार्जर कितीही मोठा असो.

८० वॅटसुद्धा पहिली काही मिनिटंच मिळतात. बॅटरी अर्धी भरली की फोन वॅट उतरवत जातो आणि शेवटचे वीस टक्के तर अगदी सावकाश, कारण भरत आलेल्या बॅटरीत जोर लावला की ती तापते आणि लवकर म्हातारी होते. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर, नकाशा चालू ठेवून, कव्हरसकट चार्जिंगला लावलेला फोन मुळात तापलेलाच असतो. तिथे ८० वॅट विसरा. एसीच्या झोताजवळ क्लिप लावा, कव्हर काढा.

प्रश्न : ‘सात वर्षं अपडेट’ म्हणजे मी घेतल्यापासून सात वर्षं ना? (चिपळूण)

नाही. ते मॉडेल पहिल्यांदा विक्रीला आलं तिथपासून. गूगल पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, म्हणजे ऑक्टोबर २०३० पर्यंत. तोच फोन दिवाळीच्या सेलमध्ये दोन वर्षांनी स्वस्तात घेतला तर तुमच्या वाट्याला पाचच वर्षं येतात. सेलची किंमत या वर्षांनी भागून पाहा, कधीकधी नवा फोन स्वस्त पडतो.

त्या सात वर्षांत बॅटरी एकदा, कदाचित दोनदा बदलावी लागेल हेही धरून चाला. ॲपलच्या आकड्याप्रमाणे आयफोन १५ची बॅटरी हजार वेळा पूर्ण भरल्यावर ८० टक्क्यांवर येते, त्याआधीच्या आयफोनची पाचशे वेळा. रोज एकदा पूर्ण भरलात तर हजार म्हणजे पावणेतीन वर्षं.

प्रश्न : फोन आयपी६८ आहे. तारकर्लीला समुद्रात व्हिडिओ काढता येईल का? (कोल्हापूर)

काढू नका. आयपी६८ची चाचणी प्रयोगशाळेत होते, गोड्या आणि स्थिर पाण्यात, कंपनीने सांगितलेल्या खोलीवर. बहुतेक फोनना दीड मीटर, अर्धा तास. समुद्राचं पाणी खारट, लाटेचा दाब निराळा, शिवाय वाळू. मीठ चार्जिंगच्या तोंडातल्या पिना खातं. पाणी आत गेल्याचं निमित्त झालं की वॉरंटी मिळत नाही, हे वॉरंटीच्या कागदावर स्पष्ट छापलेलं असतं. आणि फोन एकदा उघडून काच किंवा बॅटरी बदलली असेल तर कडेचा डिंक पहिल्यासारखा राहिलेला नसतो, मग पावसातही जपा.

पडलाच खाऱ्या पाण्यात, तर बंद करा, नळाच्या हलक्या धारेखाली धुवा, तोंड खाली करून झटका, पंख्यासमोर ठेवा. चार्जिंग रात्रभर नको. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. पाणी शोषलं जात नाही, पीठ मात्र तोंडात जातं.

प्रश्न : भाचा अमेरिकेतून आयफोन आणतोय. इथे चालेल ना? (सोलापूर)

चालेल, पण सिम घालायला खाच नसेल. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये ती नाहीच, सगळा कारभार ई-सिमवर. जिओ, एअरटेल आणि व्हीआय ई-सिम देतात. अडचण नंतर येते : फोन दुरुस्तीला दिला की सिम काढून जुन्या फोनमध्ये टाकायची सोय उरत नाही, आणि बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. वडीलधाऱ्यांसाठी आणत असाल तर इथला, खाच असलेला घ्या.

प्रश्न : गाडीत ‘लेव्हल २ एडास’ (चालकाला मदत करणारी यंत्रणा) आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर ती लेन धरून, पुढच्या गाडीशी अंतर राखून स्वतः जाते. स्टिअरिंग सोडलं तर थोड्या वेळाने ओरडते. मग ‘स्वयंचलित’ कशाला म्हणायचं? (ठाणे)

म्हणायचंच नाही. ओरडते ते बरोबर ओरडते.

० ते ५ या पातळ्या अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये आखल्या. लोकांना त्या शाळेच्या इयत्तांसारख्या वाटतात, दुसरी झाली की तिसरी. खरी रेघ एकाच ठिकाणी आहे, २ आणि ३ च्या मध्ये. लेव्हल २ पर्यंत रस्त्याकडे लक्ष ठेवायचं काम माणसाचं. गाडी स्टिअरिंग, ब्रेक, ॲक्सिलरेटर सांभाळत असली तरी चूक झाली तर ती तुमची. लेव्हल ३ मध्ये ठरावीक परिस्थितीत लक्ष ठेवायचं काम गाडीकडे जातं. मर्सिडीजने २०२२ मध्ये जर्मनीत अशी यंत्रणा विकायला काढली तेव्हा अटी पाहा : फक्त ठरलेले महामार्ग, वेग ताशी ६० किमीपर्यंत, म्हणजे जवळजवळ ट्रॅफिक जॅमपुरतीच. ताबा परत द्यायचा झाला तर संयुक्त राष्ट्रांच्या नियमाप्रमाणे चालकाला किमान १० सेकंद द्यावे लागतात. तुमची गाडी असं कोणतंही वचन देत नाही. ‘लेव्हल २ प्लस’, ‘२.५’ हे शब्द तर एसएईच्या तक्त्यात नाहीतच, ते विक्रीखात्याने जोडलेले.

आता एक्स्प्रेसवेवर काय बिघडतं ते. गाडी दोन गोष्टींवर चालते : काचेमागच्या कॅमेऱ्याला दिसणारे पांढरे पट्टे, आणि रडार (काही गाड्यांत तेही नाही, सगळं एका कॅमेऱ्यावर). घाटात जोराच्या पावसात पट्टे पाण्याखाली जातात, धुक्यात दिसत नाहीत, डांबराचं ठिगळ मारलं की तुटतात. लेन असिस्ट तेव्हा गुपचूप सोडून देतो. डिस्प्लेवरची हिरवी रेघ राखाडी होते, बस्स. ती बघायची सवय लावून घ्या.

दुसरं, उभा ट्रक. रडारला सगळ्यात भरवशाने कळतो तो वेगातला फरक. पण रस्त्यावरची कमान, कठडा, पाटी याही उभ्याच असतात. प्रत्येकीला घाबरून ब्रेक मारला तर मागचा येऊन आदळेल, म्हणून जास्त वेगात बऱ्याच यंत्रणा उभ्या वस्तूंकडे काणाडोळा करतात. गाडीच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं आहे, वाचतं कोण! ताशी १०० किमीला गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. रिफ्लेक्टर नसलेला, दिवे बंद करून डाव्या लेनमध्ये उभा असलेला ट्रक तुम्हालाच आधी दिसला पाहिजे.

पुढच्या गाडीपासून किती अंतर राखायचं ते दाखवणाऱ्या डिस्प्लेवरच्या रेघा ठेवायच्या किती? कमी ठेवल्या तर धोका, जास्त ठेवल्या की मधल्या जागेत कुणीतरी घुसतो, तुमची गाडी ब्रेक मारते आणि मागचा हॉर्न. आमचं मत : पावसात आणि रात्री सर्वांत जास्त अंतर, घुसणाऱ्यांना घुसू द्या. घाटात आणि शहरात क्रूझ (वेग आणि अंतर आपोआप राखणारी सोय) बंदच.

प्रश्न : दसऱ्याला गाडीला हार घातला आणि तेव्हापासून डिस्प्लेवर ‘सेन्सर ब्लॉक’ येतंय. हार काढला तरी मधूनमधून येतंच. (नाशिक)

पुढचा रडार जाळीच्या मागे, बहुतेक कंपनीच्या चिन्हाच्या किंवा खालच्या काळ्या गुळगुळीत पट्टीच्या आत असतो. ७७ गिगाहर्ट्झच्या लहरी प्लास्टिकमधून आरपार जातात, पण पाण्यात मुरतात. पाणी मारलेला झेंडूचा भरघोस हार म्हणजे त्याच्यासमोर ओली भिंत. हार काढल्यावरही संदेश येत असेल तर तीन गोष्टी पाहा. पट्टीवर हळद-कुंकू, चिकटपट्टीचा डिंक किंवा चिखल उरलाय का. ओल्या मऊ फडक्याने पुसा. हाराची तार घट्ट ओढून बांधली होती का; रडारची कडी एका अंशाने हलली तरी शंभर मीटरवर त्याची नजर पावणेदोन मीटर बाजूला जाते, म्हणजे जवळजवळ शेजारच्या लेनवर. आणि लिंबू-मिरची नेमकी तिथेच लोंबतेय का. ती नंबरप्लेटच्या एका बाजूला बांधा.

हे करून संदेश गेला नाही तर सर्व्हिस सेंटरमध्ये कॅलिब्रेशन (सेन्सरची नजर पुन्हा नेमकी लावणं) करून घ्या. याच कारणासाठी बंपरवर पुट्टी भरून जाड रंग मारलेला, वरून लोखंडी गार्ड बसवलेला किंवा मोठं स्टिकर लावलेलं या गाड्यांना चालत नाही.

पुढची काच बदलली तर कॅमेऱ्याचंही कॅलिब्रेशन लागतं. सपाट फरशीवर, ठरलेल्या अंतरावर नक्षीचा फलक उभा करून, टायरची हवा बरोबर ठेवून ते करतात. काही गाड्यांत त्यानंतर पट्टे स्पष्ट असलेल्या रस्त्यावर ठरावीक वेगाने चालवूनही घेतात. बाहेर काच स्वस्त पडते, पण तिथे हा फलक आहे का ते आधी विचारा. विम्याच्या दाव्यात कॅलिब्रेशनचा खर्च वेगळा लिहून घ्या. आणि फास्टॅग आरशामागच्या कॅमेऱ्याच्या खिडकीवर चिकटवू नका. टोलनाक्यावरचा पोरगा घाईत नेमका तिथेच थापतो.

प्रश्न : मुलाकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेलो असता चालक नसलेल्या टॅक्सीत बसलो. उत्तम चालली. मग आपल्याकडे का नाही? (पुणे)

तुम्ही बसलात ती बहुधा वेमो या गूगलच्या कुळातल्या कंपनीची गाडी. तिला आणि शोरूममधल्या एडासला एकाच कुळातलं समजू नका. जॅग्वार आय-पेसवर बसवलेल्या त्यांच्या पाचव्या पिढीच्या यंत्रणेत २९ कॅमेरे, ५ लायडार आणि ६ रडार आहेत. सहाव्या पिढीत ते १३, ४ आणि ६ वर आणले. लायडार म्हणजे लेझरने अंतर मोजणारं यंत्र, रात्री कॅमेरा चाचपडतो तिथेही ते अंतर अचूक सांगतं. शिवाय गाडी जिथे फिरते तो सगळा भाग आधीच फूटपाथच्या कडेसकट नकाशात मोजून ठेवलेला असतो. त्या भागाबाहेर ती जातच नाही. अडली तर दूर बसलेल्या माणसाला विचारते. तो स्टिअरिंग फिरवत नाही, फक्त कुठून जा ते सुचवतो.

एवढं असूनही २०२५च्या डिसेंबरात त्या शहराची वीज गेली आणि सिग्नल बंद पडले, तेव्हा या टॅक्सी चौकाचौकात खोळंबल्या. बंद सिग्नलला चारही बाजूंनी थांबून जायचं हे त्यांना येत होतं, पण खात्री करून घ्यायला इतक्या गाड्यांनी एकदम विचारणा केली की उत्तरांचीच रांग लागली. सिग्नल बंद पडणं ही आपल्याकडे बातमी नसते.

यंत्राला अनपेक्षित गोष्ट किती जड जाते त्याचं सगळ्यात बारकाईने तपासलेलं उदाहरण ॲरिझोनातल्या टेंपी शहरातलं आहे. १८ मार्च २०१८ला उबरच्या चाचणी गाडीने रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली, त्यात ती गेली. सेन्सरना ती ५.६ सेकंद आधी दिसली होती, म्हणजे शंभरएक मीटरवरून. पण प्रणाली तिला कधी वाहन, कधी ‘इतर’, कधी सायकल ठरवत राहिली आणि दर वेळी नाव बदललं की आधीचा माग पुसून नव्याने सुरुवात. त्यामुळे ती कुठे चालली आहे हे कळलंच नाही. झेब्रा क्रॉसिंगशिवाय कुणी रस्ता ओलांडेल हे त्या प्रणालीत धरलेलंच नव्हतं. गाडी व्होल्व्होची होती, तिचा मूळचा आपत्कालीन ब्रेक त्या वेळी बंद ठेवलेला, आणि लक्ष ठेवायला बसलेल्या चालकाची नजर फोनवर. आता हीच प्रणाली लक्ष्मी रोडवर शनिवारी संध्याकाळी आणून पाहा.

कायद्याचं म्हणाल तर १९८८चा मोटार वाहन कायदा परवानाधारक चालक धरूनच लिहिलेला आहे. नितीन गडकरींनीही चालकांच्या रोजगाराचं कारण देऊन विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही असं २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३च्या डिसेंबरात नागपुरात सांगितलं.

प्रश्न : टेस्लाच्या ‘फुल सेल्फ ड्रायव्हिंग’साठी सहा लाख द्यावेत का? आणि फोन कंपन्या गाड्या काढतायत, त्या जास्त हुशार असतील ना? (मुंबई)

पहिल्याचं उत्तर : नको. जुलै २०२५ मध्ये बीकेसीत शोरूम उघडली तेव्हा मॉडेल वायची किंमत ५९.८९ लाखांपासून होती आणि हा पर्याय सहा लाखांना वेगळा. नावात ‘फुल’ असलं तरी चालकाने सतत लक्ष ठेवायची अट आहे, म्हणजे एसएईच्या हिशोबात लेव्हल २. सुविधा इथल्या रस्त्यांवर प्रत्यक्ष चालू झाल्यावर घेता येते. न मिळालेल्या सॉफ्टवेअरला आज पैसे मोजण्यात फायदा कंपनीचा.

दुसऱ्याबद्दल. शाओमीने मार्च २०२४ मध्ये चीनमध्ये एसयू७ आणली, अगदी फोनच्या थाटात. वर्षभराने, २९ मार्च २०२५च्या रात्री, आन्हुई प्रांतातल्या महामार्गावर एक एसयू७ चालक-साहाय्य चालू ठेवून ताशी ११६ किमीने जात होती. पुढे रस्त्याचं काम, लेन वळवलेली. गाडीने अडथळ्याची सूचना दिली, वेग कमी करायला घेतला, चालकाने ताबा घेतला, आणि काँक्रीटच्या कठड्यावर सुमारे ९७ च्या वेगाने आदळली. तीन तरुणी गेल्या. सूचना आणि धडक यांच्यामध्ये मोजून दोन-चार सेकंद होते. वर जर्मनीतले १० सेकंद लिहिले आहेत ते आठवा. एप्रिलमध्ये चीनच्या उद्योग मंत्रालयाने गाडी कंपन्यांना बोलावून जाहिरातीत ‘स्वयंचलित’, ‘स्मार्ट ड्रायव्हिंग’ असे शब्द वापरायला मनाई केली, आणि अर्धवट सॉफ्टवेअर गिऱ्हाइकांच्या गाड्यांत घालून त्यांच्याकडूनच चाचणी करून घेण्यालाही.

फोनमध्ये ‘बीटा’, म्हणजे असं चाचणीचं सॉफ्टवेअर, अडकला तर आपण तो बंद करून चालू करतो. गाडी घेताना सेल्समनला एवढंच विचारा : हे चालू असताना अपघात झाला तर कागदोपत्री चालवत कोण होतं? उत्तर लेखी मागा.